चार हिरवी कार्डं

रविवारी दुपारी शिवलीलानं पुण्यातल्या आपल्या फ्लॅटच्या फरशीवर कार्डं मांडायला घेतली आणि शेवटचं, एकशे बारावं कार्ड हातात धरून ती उभीच राहिली. कार्ड हिरवं होतं. त्यावर मोठ्या, सुट्या अक्षरांत, शाळा सोडून बरीच वर्षं झालेल्या माणसाच्या अक्षरांत लिहिलेलं होतं : वसतिगृहाची भिंत. कुणाला सांगायचं. पुढं प्रश्नचिन्ह नव्हतं. बाकीची एकशे अकरा कार्डं आपापल्या ढिगात जाऊन पडली होती. प्रवेश, निकाल, दाखले, सुट्ट्या. हे एक कुठंच जात नव्हतं. बाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला ड्रिल लावलं होतं. त्या आवाजानं फरशीवरची कार्डं हलत नव्हती, हे तिनं दोनदा खाली बघून पक्कं केलं.

तिचं काम हेच होतं, आणि गेली दहा वर्षं ती ते नीट करत आली होती. वेबसाइट बांधण्याआधी तिच्यात काय कुठं ठेवायचं हे ठरवावं लागतं, आणि ते संगणकावर ठरत नाही. माणसांना एका टेबलाभोवती बसवून ठरवावं लागतं. तुम्ही इथं काय शोधायला येता, ते लिहा. एका कार्डावर एकच गोष्ट. मग सारखी कार्डं एकत्र करा, प्रत्येक ढिगाला नाव द्या, आणि ती नावं म्हणजे साइटचे मथळे. भूम-परंडा रस्त्यावरच्या एका शिक्षण संस्थेनं हे काम त्यांच्या कंपनीला दिलं होतं. शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, मुलींचं वसतिगृह. महिन्याभरात तपासणी समिती यायची होती आणि समितीच्या यादीत वेबसाइट हा एक रकाना होता. जिल्हा आपला म्हणून शिवलीलानं ते स्वतःकडं मागून घेतलं. शुक्रवारची कार्यशाळा चांगली झाली होती, म्हणजे लोक हसले होते. तिथल्या लोकांनी कार्डांवर विषय लिहायच्या जागी माणसं लिहिली. दाखला : गोरोबा. एसटीचा पास : गोरोबा. बोर्डाचा फॉर्म चुकला तर : गोरोबा. हेडक्लार्क गोरोबांच्या नावाची अकरा कार्डं निघाली तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "मंग मॅडम, वेबसाइट कशाला? माझाच एक फोटो लावा की." सगळे हसले, पण हसण्याआधी सगळ्यांनी एकदा अध्यक्षांकडं, अमरसिंहदादांकडं बघून घेतलं. दादा हसले, मग खोली हसली. हे तिनं टिपून ठेवलं होतं. पिवळ्या कार्डांचे शिक्षक, निळ्या कार्डांचं कार्यालय, गुलाबी पालकांची, हिरवी स्वयंपाकघराची. रंगांमुळं कोणत्या गटाला काय हवंय ते पुढं चटकन कळतं. आणि सुरुवातीलाच, नेहमीप्रमाणं, पडद्यावर मोठ्या अक्षरांत तिनं दाखवलं होतं : तुमचं नाव कुठंही येणार नाही. मोकळेपणानं लिहा.

हिरवी कार्डं किती, हे तिला मोजायची गरज नव्हती. स्वयंपाकघरात चौघी होत्या. तिघी म्हणाल्या, आमाला लिवता येत न्हाय, म्हणून त्या सांगतील तसं तिनंच लिहिलं. सिलेंडरची गाडी, सणाची सुट्टी, पगाराची तारीख. चौथीनं पेन मागून घेतलं होतं, पाठमोरी होऊन लिहिलं होतं आणि कार्ड उपडं ठेवलं होतं. चार हिरवी कार्डं, तीन शिवलीलाच्या अक्षरातली. हे आत्ता, फरशीवर उभं असताना तिच्या लक्षात आलं. तिनं नाव लिहू दिलं नव्हतं, तरी नाव लिहिलेलंच होतं. आणि शुक्रवारी संध्याकाळी, परतीच्या वाटेवर चहासाठी थांबलेली असताना, तिनं सगळ्या कार्डांचे फोटो संस्थेला दिलेल्या फोल्डरमध्ये चढवलेही होते. ती ते प्रत्येक कामात करायची. लपवाछपवी नको, ज्याला बघायचं त्यानं बघावं. तिनं लॅपटॉप उघडला. एकशे बारावा फोटो थोडा तिरपा आला होता, कोपऱ्यात तिचा अंगठा दिसत होता. तो तिनं पुसून टाकला. फोल्डरवर आता एकशे अकरा असा आकडा दिसायला लागला आणि तिला बरं वाटलं. गॅस बंद केला होता का ते आठवत नसताना घरी फोन करून विचारल्यावर वाटतं तसं.

भिंतीचं म्हटलं की भेग, हे तिला आधीपासून माहीत होतं. या भिंतीवरून नव्हे. लोहारा तालुक्यातल्या त्यांच्या घरी, ती सहा वर्षांची असताना, मधल्या खोलीच्या भिंतीत एक भेग होती. दगड मातीत बसवलेले, हातभर रुंद भिंत, उन्हाळ्यात गार. ती आणि तिची चुलतबहीण शिवांजली त्या भेगेत चिंचोके टाकायच्या. चिंचोका आधी दिसायचा, मग दिसायचा नाही, मग आत खूप खाली कुठंतरी टक् असा आवाज यायचा. शिवांजली आवाज मोजायची. एके दिवशी तीन टक् आले, मग चार, म्हणजे आत खोली वाढत होती. दोघींना तो खेळातला फायदाच वाटला. आईनं खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणून त्या जागी लावलं, कारण भिंत वाईट दिसत होती. कॅलेंडरचं पान सप्टेंबरचं होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, त्र्याण्णवचा भूकंप म्हटलं की इकडं कुणी जास्त विचारत नाही. शिवलीलाला त्या पहाटेचं काही आठवत नाही. तिला आठवतात नंतरची पत्र्याची शेडं, आणि तिचे वडील महालिंगप्पा. ते तलाठी होते. घरातलं माणूस गेलेलं असताना पाचव्या दिवशी ते पेटीवर पेटी ठेवून रजिस्टर उघडून बसले. रकाने त्यांनी पट्टीनं स्वतः आखले होते : मृत, जखमी, बेपत्ता, स्थलांतरित, इतर. माणसं रांगेनं यायची, सांगायची, आणि वडील विचारायचे, कुठं लिहू? ती त्यांच्या मांडीशी बसून असायची. कागदावर शाई वाळेपर्यंत ते फुंकर मारायचे. "कुठंतरी बसतंच माणूस," ते म्हणायचे, "रकाना नीट आखला पाहिजे." शिवांजलीला त्यांनी पहिल्या रकान्यात लिहिलं, अक्षर जराही न हलू देता. पुढं शिवलीला हेच वाक्य पडद्यावर दाखवत आली, जरा बदलून : कोणतीही माहिती सात मथळ्यांत बसते. चिंचोक्यांबद्दल तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कुणाला, हाही प्रश्न होताच.

मंगळवारी दुसरी कार्यशाळा. ढिगांना नावं द्यायची होती. गावाकडं यायचं म्हणून तिनं सुती साडी नेसली होती आणि दिवसभर पदर पंख्यानं उडत राहिला. टेबलाभोवती अकरा जण. ती म्हणायची, हे कार्ड कुठं जाईल? आणि कुणाचाच हात हलायचा नाही. सगळे अमरसिंहदादांच्या उजव्या हाताकडं बघायचे. जाड, स्वच्छ हात, मनगटावर लाल दोरा. दादांचं बोट ज्या ढिगाकडं वळायचं तिकडं कार्ड जायचं, आणि मग लगेच दोन-तीन जण म्हणायचे, व्हय, तिथंच बरं. तिनं दोनदा सांगून पाहिलं की आधी सगळ्यांनी आपापलं ठरवायचं. "अहो मॅडम," दादा सौम्यपणे म्हणाले, "सगळ्यांचं एकच मत आहे इथं. तुम्ही विचारा हवं तर." तिनं विचारलं नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. ते समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेत, मान हलवत, आणि मग जिथं होतं तिथंच असत.

तिनं एक मथळा घरूनच ठरवून आणला होता. तक्रार. वरच्या ओळीत, प्रवेशाच्या शेजारी. दादांनी चष्मा काढून पुसला. "तक्रार म्हटलं की मॅडम, ज्याची नाही तोही करतो. सूचना म्हणा." सूचना झालं. "आणि वरच्या ओळीत गर्दी लई होती. ते संपर्काच्या खाली घ्या." संपर्काच्या खाली घेतलं. "म्हणजे संपर्क दाबला की सूचना दिसणार. मग सूचना वेगळी कशाला? ज्याला सांगायचंय तो संपर्क करीलच की." गोरोबा म्हणाले, "बरोबर हाय. फोन नंबर हाय ना माझा." पाच मिनिटांत एक शब्द वरच्या ओळीतून उतरत उतरत जमिनीत गेला, आणि प्रत्येक पायरी तिनंच फळ्यावर लिहिली, पुसली, लिहिली. मग तिच्या तोंडून निघालं, "वसतिगृहाच्या इमारतीबद्दल काही सांगायचं असेल तर?" दादांनी तिच्याकडं बघितलं, पहिल्यांदाच सावकाश. "इमारत सुविधांमध्ये येते ना? खोल्या, पाणी, भिंती. भिंत ही सुविधाच आहे की." "नसली की कळतं," एक शिक्षक म्हणाले. दादा हसले, मग खोली हसली. शिवलीलानं फळ्यावर लिहिलं : वसतिगृह, त्याखाली सुविधा, त्याखाली इमारत. तीन पायऱ्या. तिसरीपर्यंत कुणी जात नाही, हे ती लोकांना आकडे देऊन सांगत असे.

जेवायला वसतिगृहाच्या भोजनगृहात नेलं. लांबट जुनी इमारत, वरून सिमेंटचा गिलावा, पिवळा रंग, छपरावर पाण्याची काळी टाकी. पोरी रांगेनं बसून जेवून गेल्या होत्या, फरशीवर पाण्याचे गोल डाग होते. चौथी बाई वाढायला आली. चाळिशीची, हातावर गोंदण, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. भाकरी वाढताना ती हळूच म्हणाली, "बाई, हात धुवायला मागल्या अंगाला या." मागं पाणी ठिबकत होतं. सत्यभामानं, तिचं नाव सत्यभामा होतं, पोत्यांची चळत बाजूला ओढली. भेग जमिनीपासून सुरू होऊन टाकीच्या दिशेनं तिरकी वर गेली होती. गिलाव्याचा पोपडा सुटून आत दगड आणि माती दिसत होती. ओली माती.

"हात घाला," सत्यभामा म्हणाली. "घाला की. दिवाळीत बोट जात हुतं. आता अख्खा तळवा जातोय."

शिवलीलानं हात घातला. आत गार होतं. बोटांना कागद लागले.

"चिठ्ठ्या हायत्या. पोरी टाकत्यात. ह्येचं नाव, तिचं नाव, पास हुऊ दे, असलं कायबाय. खेळ त्येंचा." ती थोडी हसली. "म्या म्हनलं पोरींनू, त्या अंगाला बसू नगासा. तर म्हंत्यात, मावशी, तिथंच गार लागतं."

"कुणाला सांगितलंत तुम्ही, मावशी?"

"गोरोबाअण्णाला. त्येनी दादाला सांगितलं आसंल, नसंल. तुमी म्हनला नाव टाकू नगा, म्हून लिवलं. न्हायतर म्या कशाला लिवती? दोन पोरी शिकत्यात माज्या, इथंच, फुकट." सत्यभामानं पोती परत सरकवली, मग पदराला हात पुसत विचारलं, "मंग? कुठं गेलं त्ये?"

"काय?"

"माजं कारड."

शिवलीला म्हणाली, "नोंद झालीय." हे खरं होतं. हे शब्द उच्चारताना तिला वडिलांच्या फुंकरीचा वास आला, पान-तंबाखूचा, आणि शाईचा. गाडीत बसल्यावर तिनं पुण्याला निकिताला फोन केला. निकिता तिच्यासोबत हे काम बघत होती. "इमारतीचं मी अहवालात घालू का?" "घाल की," निकिता म्हणाली, "पण जपून. आपण रचना देतो, शिवलीला. आत मजकूर काय टाकायचा ते त्यांचं. आपण इंजिनिअर आहोत का?" नव्हत्या. शिवलीलानं अहवालाच्या पान नऊवर एक वाक्य घातलं : इमारतींच्या देखभालीविषयीची माहिती वापरकर्त्यांना महत्त्वाची वाटते. तीनदा वाचलं. वाक्यात चूक काहीच नव्हती. त्यात भिंतही नव्हती. पुढचे पंधरा दिवस ती ज्या खोलीत जाई तिथल्या भिंतींना हात लावून बघत असे; ऑफिसात, दवाखान्यात, लिफ्टमध्येसुद्धा. एकदा चिंचोका हवा म्हणून ती मंडईत चिंच घ्यायला थांबली आणि हे आपण काय करतोय असं वाटून नुसतीच कोथिंबीर घेऊन आली.

उद्घाटनाला बोलावणं आलं. सकाळी अकराचा कार्यक्रम, भोजनगृहातच, कारण तेवढी मोठी छपराखालची जागा दुसरी नव्हती. आत शिरताना तिला आधी पिवळ्या रंगाचा ताजा वास आला, मग तिला तिचंच काम दिसलं. मागच्या भिंतीवर, जमिनीपासून आढ्यापर्यंत, साइटचा सगळा नकाशा फ्लेक्सवर छापून लावला होता. तिनं काढलेल्या चौकटी, तिनं ओढलेल्या रेषा. वर संस्थेचं नाव, खाली मुख्य, प्रवेश, निकाल, वसतिगृह. ती कोणत्या भिंतीपुढं उभी आहे हे कळायला तिला पोत्यांची जागा शोधावी लागली. पोती नव्हती. फ्लेक्सखाली, भिंतीला पाठ लावून, पोरी ओळीनं बसल्या होत्या. दोन वेण्या, लाल रिबिनी, मांडीवर हात. पहिल्या नजरेत साठेक. बाजूला सोफे मांडलेले. गोरोबा कुंकवाचं तबक घेऊन पुढं आले.

"आवडलं का मॅडम? दादांची कल्पना. म्हणाले, एवढी मेहनत मॅडमनी घेतली, लोकांना दिसली पाहिजे."

स्वयंपाकघराच्या दारात एक तरुण बाई उभी होती, तिला शिवलीलानं कधी बघितलं नव्हतं. "सत्यभामामावशी कुठंयत?"

"ती रजेवर हाय."

"किती दिवस?"

"बघू आता." गोरोबांनी तबक दुसऱ्या हातात घेतलं. त्यांना वाईट वाटत होतं, निदान अवघडल्यासारखं होत होतं. ते सांगायचं नसलेलं सांगणाऱ्या माणसासारखे जवळ सरकले. "खरं सांगू का? आमचं कुणाचं लक्षबी नव्हतं. तुमचे फोटू आले, मी प्रिंट काढून फाइलला लावले. मला सवय हाय, जे येईल त्याची प्रिंट काढायची. एकशे बारा पानं. मंगळवारी तुम्ही गेल्यावर दादांनी संगणकावर बघितलं, तर एकशे अकराच. दादा म्हणाले, एक कमी कसं? कोणतं काढलं मॅडमनी? मंग आम्ही बसलो जुळवत." त्यांनी तबकातलं कुंकू बोटानं सारखं केलं. "हिरवी तर चारच होती."

"तिच्या मुली?"

"तिच्यासंग गेल्या. दाखले दिले ना लगेच. थांबवलं न्हाय त्यांना, तेवढं मी बघितलं."

पंखे सुरू होते. शिवलीला सोफ्यावर बसली, तिला पहिल्या ओळीत जागा ठेवली होती. कुणीतरी माइकवर हॅलो, हॅलो म्हणत होतं. तिला एकशे बारावा फोटो आठवत होता, कोपऱ्यातला आपला अंगठा. पुसला नसता तर तो एकशे अकरांमध्ये हरवून गेला असता, कुणी तिसऱ्या पायरीपर्यंत जात नाही तसा. तिनं लपवलं आणि लपवलं म्हणूनच ते सापडलं. दादा बोलायला उठले नाहीत, बसूनच बोलले. उजवा हात सोफ्याच्या हातावर, लाल दोरा. साइटवर सगळं आहे, एका बोटावर आहे, काही लपलेलं नाही. टाळ्या वाजल्या. टाळ्यांत फ्लेक्स थोडा फुगला आणि परत बसला. पंख्यानं असेल. टाळ्या थांबल्या. पंख्याची हवा त्या बाजूला पोचतच नव्हती, कडेच्या पोरी वहीनं वारा घेत होत्या. वसतिगृह, सुविधा, इमारत. तिसरी, सगळ्यात खालची चौकट भिंतीतून बाहेर येत असल्यासारखी ताणली गेली होती, तिच्या कडेची सरळ रेषा आता सरळ नव्हती. ती रेषा शिवलीलानं स्वतः आखली होती, ती सरळ होती हे तिला पक्कं माहीत होतं. त्या चौकटीच्या बरोबर खाली बसलेल्या मुलीनं मान वळवली, फ्लेक्सची कड बोटानं जराशी उचलली, मुठीतला घडी केलेला कागद आत सारला आणि कान भिंतीला लावून ती ऐकत राहिली. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

शिवलीला उभी राहिली. सोफ्यामागं कुजबूज झाली. मॅडम बोलणार आहेत असं वाटून एकानं माइक तिच्या हातात दिला.

"मुलींनो, उठा," ती म्हणाली. आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा आला, भिंतींवर आपटून परत आला. "सगळ्या उठा. दप्तरं राहू देत. बाहेर मैदानात चला. आत्ता."

कुणी उठलं नाही. कान लावलेल्या मुलीनं कान काढला. साठ चेहरे वळले, पण तिच्याकडं नाही. कुणी घाबरलेलं नव्हतं, कुणी हसत नव्हतं. रोज जेवायला बसण्याआधी बघायचं तसं त्या बघत होत्या, सवयीनं, सोफ्याच्या हातावर ठेवलेल्या अमरसिंहदादांच्या उजव्या हाताकडं. हात हलला नाही.